दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापूसबाजारात ज्यांच्या शब्दासरशी भाव चढत व उतरत, ते शेठ प्रेमचंद रायचंद मूळचे सुरतचे. इ.स. १८३१ मध्ये दशा ओसवाल जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील रायचंद दीपचंद व्यापारानिमित्त मुंबईस आले. तेथे प्रेमचंदांचे शिक्षण झाले आणि इंग्रजी जाणणारा देशी दलाल म्हणून ऐन विशीत त्यांनी बाजारात जम बसविला. स्वभाव मात्र काहीसा विक्षिप्त! लाखोंचे सौदे ते टिपणवहीविना, केवळ स्मरणावर करीत असे सांगतात. रोजमेळ व खतावणीवाचून ज्यास चैन पडत नाही, अशा व्यापाऱ्यास हे ऐकून धडकीच भरावी.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस येईनासा झाल्याने इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या आणि शहरात पैशाचा पूर आला. नवनव्या कंपन्या व बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे भाग हातोहात खपले. या सर्व उलाढालीच्या केंद्रस्थानी शेठजी होते. तेजीच्या ऐन भरात, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लाख व घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. अट एकच, मनोऱ्यास मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ च्या वायद्याला देणी भागेनात. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला भाग ८७ रुपयांवर आला. या बँकेने शेठजींच्या शब्दावर वारेमाप कर्जे दिली होती, ही गोष्ट गौरवाच्या भरात झाकून ठेवणे योग्य नव्हे. त्यांच्यासह असंख्य कुटुंबे धुळीस मिळाली. दान केलेले चार लाख मात्र त्या पडझडीतून वाचले.

१८६९ मध्ये मनोऱ्याची पायाभरणी झाली. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याप्रमाणे २८० फूट उंचीची ही वास्तू १८७८ मध्ये पूर्ण झाली. राजाबाई दृष्टिहीन होत्या व सूर्यास्तापूर्वी आहार घेण्याचा नियम त्यांना टोल ऐकून पाळता यावा, म्हणून हा मनोरा उभारला अशी आख्यायिका समाजात आवडीने सांगितली जाते. शेठजींचा बंगला भायखळ्यास. तेथवर टोल कसा पोहोचत असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही!

कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी १८६६ मध्ये २ लाख रुपये दिले. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पुढे १८९७ मध्ये यदुनाथ सरकारांना मिळाली, ज्यांचे शिवचरित्र महाराष्ट्रास सुपरिचित आहे. अहमदाबादचे अध्यापन महाविद्यालयही शेठजींच्या नावाने ओळखले गेले.

सर्वस्व गमावूनही त्यांनी बाजार सोडला नाही. १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना स्थापिली, तिच्या संस्थापकांत ते होते. हीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून नावारूपास आली. १९०६ मध्ये शेठजींचे देहावसान झाले, तेव्हा राजाबाई मनोऱ्यास पूर्ण होऊन २८ वर्षे झाली होती.