धूमकेतूचे हॅले

हॅलेचा धूमकेतू हे नाव आपण ऐकले आहे. ज्यांच्यावरून ते नाव पडले त्या एडमंड हॅले यांची माहिती मी आज लिहीत आहे.

एडमंड हॅले यांचा जन्म १६५६ साली इंग्लंडमध्ये लंडनजवळ झाला. त्यांचे वडील साबणाचे व्यापारी होते. हॅले यांना लहानपणापासून आकाशाचे फार वेड. २० व्या वर्षी ते कॉलेज अर्धवट सोडून जहाजाने सेंट हेलेना या लांबच्या बेटावर गेले. तिथे आभाळ सारखं भरून यायचं. तरी त्यांनी चिकाटीने दक्षिणेकडच्या ३४१ ताऱ्यांची यादी केली.

न्यूटन यांनी मोठा ग्रंथ लिहिला, पण तो छापायला संस्थेकडे पैसे नव्हते. ते माशांच्या पुस्तकावर खर्च झाले होते. मग हॅले यांनी स्वतःचे पैसे घालून १६८७ मध्ये तो छापून घेतला. दुसऱ्याच्या पुस्तकाला एवढी मदत कोण करतो?

१६८२ मध्ये हॅले यांनी एक धूमकेतू बघितला होता. म्हातारी माणसे त्याला शेंडेनक्षत्र म्हणतात. हॅले यांनी जुन्या नोंदी काढून गणित केले. १५३१, १६०७ आणि १६८२ चा धूमकेतू एकच आहे, तो सुमारे ७६ वर्षांनी परत येतो आणि १७५८ च्या सुमारास पुन्हा दिसेल, असे त्यांनी १७०५ मध्ये लिहिले. पण तेवढे आयुष्य त्यांना मिळाले नाही. ते १७४२ मध्ये वारले. १७५८ साली २५ डिसेंबरच्या रात्री धूमकेतू खरंच दिसला. तो पहिल्यांदा कोणी बघितला ठाऊक आहे? जर्मनीतल्या पालिच नावाच्या शेतकऱ्याने! माझे वडीलपण शेतकरी आहेत, म्हणून मला फार आनंद झाला.

हा धूमकेतू बर्फ आणि धुळीचा आहे. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते आणि धूळ मागे सांडते. बैलगाडीच्या तट्ट्यातून भुसा सांडतो ना, तसेच. गुरू ग्रह ओढतो म्हणून दर फेरीला चाकोरी थोडी बदलते. त्यामुळे धुळीचे पुष्कळ पदर झाले आहेत, कुठे दाट, कुठे विरळ. आपली पृथ्वी वर्षातून दोनदा या धुळीतून जाते, मे महिन्याच्या सुरुवातीला आणि २१ ऑक्टोबरच्या सुमारास. तेव्हा ते कण सेकंदाला सुमारे ६६ किलोमीटर वेगाने हवेत घुसून जळतात. आपण म्हणतो तारा तुटला. पण तारा तुटत नाही, वाळूएवढा कण जळतो. दाट पदर लागला तर त्या वर्षी उल्का जास्त दिसतात.

हे मात्र हॅले यांना ठाऊक नव्हते. उल्कांचे आणि धूमकेतूचे नाते १८६६ मध्ये इटलीच्या शियापारेल्ली यांनी दुसऱ्या एका धूमकेतूवरून दाखवले.

हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला. आता तो २०६१ मध्ये येणार. तेव्हा मी माझ्या आईपेक्षा मोठी असेन. पण त्याची धूळ दर वर्षी दिसते. ऑक्टोबरमध्ये मध्यरात्रीनंतर मृग नक्षत्राकडे बघा. आईवडिलांनाही उठवा. आपल्याला बघायला मिळणार नाही हे माहीत असूनही हॅले यांनी गणित नीट केले. आपणही तसेच काम करावे. एवढे लिहून मी माझा लेख संपवते.

इयत्ता ४ थी