किडनी वाचवणारा सर्जन : विन्सेंट्स चेर्नी ते आजचा रोबोट

मागच्या वर्षी माझ्या आईच्या सोनोग्राफीत किडनीवर गाठ दिसली. गाठ आत खोलवर, मोठ्या रक्तवाहिन्यांना अगदी खेटून. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण किडनी काढावी लागेल. आईला जुना डायबेटीस, त्यामुळे एकाच किडनीवर पुढची वर्षं काढायची म्हणजे आमच्या पोटात गोळाच आला. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र फक्त गाठ काढता येईल असं सांगितलं. ही कल्पना पहिल्यांदा कोणी अमलात आणली, हे शोधताना मला विन्सेंट्स चेर्नी सापडले.

चेर्नी कोण होते?

त्यांचा जन्म 1842 चा, बोहेमियातल्या ट्राउटेनाऊ गावचा. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. व्हिएन्नात ते प्रसिद्ध सर्जन बिलरोथ यांच्या हाताखाली तयार झाले. 1871 मध्ये फ्रायबुर्गला प्राध्यापक झाले आणि 1877 मध्ये हायडेलबर्गला गेले. तिथे त्यांच्या आधी गुस्टाव्ह सिमोन होते. याच सिमोननी 1869 मध्ये ठरवून एक अख्खी किडनी काढली होती आणि माणूस एका किडनीवर जगू शकतो हे दाखवलं होतं.

चेर्नी एक पाऊल पुढे गेले. 1887 मध्ये त्यांनी गाठ असलेल्या किडनीचा फक्त खराब भाग कापला आणि बाकीची किडनी शिवून ठेवली. तेव्हा ना सीटी स्कॅन, ना रक्तपेढी, ना अँटिबायोटिक!

मग ही पद्धत मागे का पडली?

कारण रक्तस्राव. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांकडे जातो. अशा अवयवाला चिरा देणं म्हणजे उघड्या नळाशी खेळ. त्यात 1960 च्या दशकात कॅन्सरसाठी पूर्ण किडनी काढणं हाच नियम ठरला. चेर्नींची वाट बरीच वर्षं फक्त नाइलाज असेल तेव्हाच वापरली गेली.

आज काय बदललं?

1990 मध्ये दुर्बिणीतून पहिली किडनी काढली गेली. पुढच्या काही वर्षांत दुर्बिणीतून नुसती गाठ काढणंही जमलं, आणि मग रोबोट आला. रोबोट स्वतःहून काही करत नाही बरं का! सर्जन कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडतात, आतल्या अल्ट्रासाऊंडने गाठीची हद्द बघतात, धमनीला क्लिप लावून रक्त थांबवतात, गाठ कापतात आणि टाके घालतात. खरी शर्यत घड्याळाशी असते, कारण रक्ताविना किडनी फार वेळ राहिली तर तिला इजा होते. म्हणून हे सगळं शक्यतो 25-30 मिनिटांत उरकायचं. गाठ जितकी खोल, तितकं हे अवघड.

शेवटी

चेर्नींनी 1906 मध्ये हायडेलबर्गला कॅन्सर संशोधन संस्था उभारली. संशोधन आणि रुग्णांवर उपचार, दोन्ही एकाच ठिकाणी. 1916 मध्ये ते गेले.

आईची किडनी वाचली. प्रत्येक गाठीत हे जमतंच असं नाही, कधी पूर्ण किडनी काढणंच सुरक्षित असतं. पण घरात कोणावर अशी वेळ आली, तर किडनी वाचवता येईल का, हा एक प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा. आम्ही तो उशिरा विचारला, नशिबाने फार उशीर झाला नव्हता.