चार्ली टेलर: पहिल्या विमानाचं इंजिन बनवणारा सायकल मेकॅनिक

विमान कोणी बनवलं, असं विचारलं तर उत्तर सगळ्यांना पाठ असतं: राइट बंधू. पण त्या विमानाला इंजिन कोणी बनवून दिलं? इथे बहुतेक जण अडकतात. त्याचं नाव चार्ल्स टेलर, सगळे त्याला चार्ली म्हणायचे. त्याची गोष्ट वाचताना इंजिन हवा आत कशी घेतं आणि ती हवा गरम झाली की ताकद का कमी होते, हेही कळून जातं.

सायकलच्या दुकानातली नोकरी

चार्लीचा जन्म २४ मे १८६८ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. शाळा लवकर सुटली, पण लेथ मशीनवर हात बसला. १९०१ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन शहरात राइट बंधूंनी त्याला आपल्या सायकलच्या दुकानात कामावर घेतलं. पगार आठवड्याला १८ डॉलर. दोघे भाऊ ग्लायडर उडवायला समुद्रकिनारी गेले की दुकान चार्ली सांभाळायचा.

१९०२ च्या शेवटी भावांना इंजिन हवं होतं. किमान ८ हॉर्सपॉवर आणि वजनाला हलकं. त्यांनी मोटार कंपन्यांना पत्रं लिहिली, पण हवं तसं इंजिन कुणाकडेच मिळालं नाही. मग ठरलं, घरीच बनवायचं.

सहा आठवडे, लेथ आणि ड्रिल

चार्लीने तोपर्यंत एकही इंजिन बनवलं नव्हतं. एका मोटारीचं इंजिन दुरुस्त करायचा प्रयत्न, एवढाच अनुभव. नीट ड्रॉइंगही नव्हतं. तिघे मिळून एकेका पार्टचं कच्चं चित्र कागदावर काढायचे, चार्ली तो कागद समोर टाचायचा आणि कामाला लागायचा.

क्रँकशाफ्ट त्याने स्टीलच्या अखंड तुकड्यातून काढला. आधी आकाराच्या कडेने भोकं पाडली, नको असलेला भाग छिन्नी-हातोड्याने उडवला, मग लेथवर फिरवून माप आणलं. क्रँककेस मात्र ॲल्युमिनियमचा, डेटनच्याच एका फाउंड्रीत ओतलेला. लोखंडाच्या मानाने कितीतरी हलका.

चार सिलिंडरचं हे इंजिन सहा आठवड्यांत तयार झालं आणि फेब्रुवारी १९०३ मध्ये चालू झालं. पण दुसऱ्याच दिवशी पेट्रोल गळून बेअरिंगवर पडलं, बेअरिंग जाम झाले आणि क्रँककेस फुटला. नवीन ओतून घ्यावा लागला. मे महिन्यात इंजिन पुन्हा उभं राहिलं. वजन साधारण ८० किलो.

हवा आत कशी जायची?

आता खरी गंमत. या इंजिनाला आज आपण म्हणतो तसा कार्ब्युरेटर नव्हताच. टाकी उंचावर बसवलेली होती. त्यातलं पेट्रोल नळीतून आपोआप खाली यायचं आणि आत येणाऱ्या हवेत पडायचं. हे मिश्रण सिलिंडरांशेजारच्या एका उथळ कप्प्यातून पुढे जायचं. इंजिन तापलं की कप्पाही तापायचा आणि पेट्रोलची वाफ व्हायची.

हवा घेणारे व्हॉल्व्ह उघडायलाही वेगळी यंत्रणा नव्हती. पिस्टन मागे सरकला की आत पोकळी व्हायची, बाहेरची हवा दाब द्यायची आणि व्हॉल्व्ह उघडायचा. थ्रॉटलही नव्हतं. वेग बदलायचा तर ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडायची.

१६ वरून १२

या साधेपणाची किंमत होती. इंजिन सुरू केल्यावर पहिले काही सेकंद जवळपास १६ हॉर्सपॉवर मिळायची. मिनिटभरात ती १२ वर यायची.

कारण सोपं आहे. गरम हवा पसरते, विरळ होते. सिलिंडरमध्ये मावणारी हवा तेवढीच, पण गरम झाल्यावर तिच्यात ऑक्सिजन कमी. ऑक्सिजन कमी म्हणजे पेट्रोल कमी जळणार, आणि ताकद कमी होणार. म्हणजे जी उष्णता पेट्रोलची वाफ करत होती, तीच ताकदही खात होती.

तरी १२ हॉर्सपॉवर पुरेशी होती. हिशोब ८ चा होता. उरलेल्या ताकदीवर राइट बंधूंनी विमानाचं वजन थोडं वाढवून सांगाडा मजबूत केला. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकजवळ पहिलं उड्डाण झालं: १२ सेकंद, सुमारे ३७ मीटर. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण ५९ सेकंद चाललं. चार्ली तेव्हा तिथे नव्हता. तो डेटनमध्ये दुकान बघत होता.

तोच प्रश्न आजही

आज घरी बनवलेल्या छोट्या विमानांतही हा पेच आहे. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून पायलट एक नॉब ओढून गरम हवा आत घेतो. तसं केलं की इंजिनचा जोर थोडा उतरतो. उलट टर्बो गाड्यांमध्ये इंटरकूलर असतो. तो आत जाणारी हवा थंड करतो, म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये जास्त ऑक्सिजन मावतो.

नंतर काय झालं?

१९११ मध्ये कॅल रॉजर्स विमानाने अमेरिका ओलांडायला निघाला, तेव्हा सतत मोडणारं ते विमान दुरुस्त करायला चार्ली ट्रेनने सोबत होता. १९२८ मध्ये तो कॅलिफोर्नियात गेला, जमिनीत पैसे घातले आणि बुडाले. १९३० च्या दशकात तो लॉस एंजेलिसच्या एका विमान कारखान्यात तासाला ३७ सेंटवर काम करत होता. शेजारच्या मशीनवरच्यांना हा कोण, याचा पत्ताही नव्हता. हेन्री फोर्डला राइट बंधूंचं दुकान जुन्या रूपात उभं करायचं होतं, म्हणून त्याने चार्लीला शोधून काढलं.

ऑर्व्हिल राइटने मृत्युपत्रात त्याच्यासाठी वर्षाला ८०० डॉलरची सोय केली होती. तरी १९५५ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या एका हॉस्पिटलमध्ये गरिबांच्या वॉर्डात होता. बातमी कळल्यावर विमान उद्योगातल्या लोकांनी पैसे गोळा करून त्याला चांगल्या ठिकाणी हलवलं. ३० जानेवारी १९५६ ला तो गेला.

आता २४ मे हा त्याचा वाढदिवस अमेरिकेत विमान मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात. विमान देखभालीत ५० वर्षं काढणाऱ्यांना तिथलं सरकार पुरस्कार देतं, आणि त्या पुरस्काराला नाव चार्ल्स टेलरचं आहे.