भुयारी आगगाडीचा ध्यास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडन हे जगातील सर्वांत मोठे शहर होते. १८०१ साली सुमारे १० लाख असलेली त्याची लोकसंख्या १८५१ साली २३ लाखांच्या वर गेली. रस्ते मात्र जुने व अरुंदच राहिले. मालाचे छकडे, घोड्यांच्या बग्ग्या, प्रवासी ऑम्निबस, बाजाराकडे हाकली जाणारी गुरे आणि पादचारी यांची तेथे एकच दाटी होई. निरनिराळ्या दिशांनी येणाऱ्या आगगाड्या शहराच्या कडेला थांबत आणि त्यांतून उतरलेले उतारू पुन्हा त्याच रस्त्यांवर लोटत. ही कोंडी फोडण्यासाठी जमिनीखालून आगगाडी न्यावी, असा आग्रह ज्याने आयुष्याची अनेक वर्षे धरला, तो पुरुष म्हणजे चार्ल्स पिअर्सन.

पिअर्सनचा जन्म १७९३ साली लंडन येथे झाला. त्याचे वडील गाद्या-गिरद्यांचा व पिसांचा व्यापार करीत. चार्ल्सने कायद्याचा अभ्यास केला व १८१६ पासून तो वकिली करू लागला. अन्याय दिसला की स्वस्थ बसणे त्याच्या स्वभावात नव्हते. १६६६ सालच्या भीषण आगीचा दोष कॅथलिक लोकांवर लादणारा मजकूर लंडनच्या स्मारकस्तंभावर कोरलेला होता. तो काढून टाकावा म्हणून त्याने खटपट केली. ज्यू लोकांना शहरात दलालीचा व्यवसाय करता यावा, म्हणूनही तो झगडला. १८३९ साली लंडन नगरपालिकेचा विधिज्ञ म्हणून त्याची नेमणूक झाली आणि अखेरपर्यंत तो त्या पदावर राहिला.

शहरातील गलिच्छ वस्त्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या कामकऱ्यांचे हाल पिअर्सन रोज पाहत असे. कामाच्या ठिकाणी पायी पोहोचता यावे, म्हणून हे लोक कोंदट खोल्यांना चिकटून राहत. स्वस्त भाड्याची जलद गाडी मिळाली, तर त्यांना शहराबाहेर मोकळ्या हवेत घरे करता येतील, हे त्याने ओळखले. रस्त्यांची कोंडी आणि गरिबांची दुरवस्था हे दोन्ही प्रश्न त्याच्या दृष्टीने एकच होते.

१८४५ साली त्याने एक पुस्तिका काढून फ्लीट नदीच्या खोऱ्यातून भुयारी लोहमार्ग नेण्याची योजना मांडली. हवेच्या दाबाने गाड्या चालवाव्यात, अशी त्याची तेव्हाची कल्पना होती. अनेकांनी तिची थट्टा केली. पुढच्याच वर्षी सरकारी आयोगाने त्याची मध्यवर्ती स्थानकाची सूचना फेटाळली. पण पिअर्सन खचला नाही. केवळ तळमळीने लोकांची खात्री पटत नाही, त्यासाठी आधार लागतो, हे तो वकील असल्यामुळे पुरते जाणून होता. त्याने शहराच्या प्रमुख वाटांवर माणसे बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद करविली. रोज सुमारे २ लाख लोक पायी शहरात येतात, असे तीतून निघाले. हे आकडे त्याने संसदेच्या समितीपुढे ठेवले. १८५४ साली मेट्रोपॉलिटन रेल्वेला संसदेची मान्यता मिळाली.

तरीही काम सुरू होईना. क्रिमियाच्या युद्धामुळे भांडवल दुर्मिळ झाले होते. तेव्हा पिअर्सनने नगरपालिकेचे मन वळविले आणि तिने २ लाख पौंडांचे भाग घेतले. १८६० साली काम सुरू झाले. आधी रस्ता खोदावयाचा, विटांची कमान बांधावयाची व मग वरून माती लोटून रस्ता पूर्ववत करावयाचा, अशी बांधकामाची रीत होती. जॉन फाउलर हा प्रमुख अभियंता होता. जून १८६२ मध्ये फ्लीटचे गटार फुटून भुयारात पाणी शिरले, तरी काम नेटाने पुढे गेले. या कामासाठी अनेक गरीब कुटुंबांची घरे पाडली गेली. ज्यांच्या हितासाठी ही धडपड होती, त्यांतील कित्येकांनाच प्रथम झळ पोहोचावी, हे दुर्दैव होय.

रेल्वे कंपनीने पिअर्सनला पारितोषिक देऊ केले. आपण नगरपालिकेचे सेवक आहोत, या भावनेने त्याने ते नाकारले. १४ सप्टेंबर १८६२ रोजी त्याचे निधन झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १० जानेवारी १८६३ रोजी, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा सुमारे ६ किलोमीटरांचा जगातील पहिला भुयारी लोहमार्ग लोकांना खुला झाला. पहिल्याच दिवशी सुमारे ३८,००० उतारूंनी त्यावरून प्रवास केला. गाड्या वाफेच्या इंजिनांनी ओढल्या जात व भुयारात धूर कोंडे, तरी उतारू वाढतच गेले. १८६४ पासून कामकऱ्यांसाठी कमी भाड्याच्या पहाटेच्या गाड्याही सुटू लागल्या.

त्या मार्गावरून आजही गाड्या धावतात. जगातील अनेक महानगरांनी पुढे तोच उपाय योजिला. भारतात १९८४ साली कोलकाता येथे पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. पिअर्सनला स्वतःच्या गाडीत एकदाही बसता आले नाही. परंतु जो दुसऱ्यांसाठी वाट काढतो, त्याचा प्रवास त्याच्या मृत्यूने संपत नाही.