गुणवत्तेचा आलेख रेखाटणारा शास्त्रज्ञ

कारखान्यात तयार होणारे कोणतेही दोन नग तंतोतंत सारखे नसतात. यंत्र तेच, कच्चा माल तोच, कामगारही तोच. तरीही मापात केसाएवढा फरक पडतोच. यातला कोणता फरक स्वाभाविक मानून सोडून द्यायचा आणि कोणत्या फरकापाशी थांबून कारण शोधायचे, या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर डॉ. वॉल्टर अँड्र्यू शूहार्ट यांनी दिले. संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते.

शूहार्ट यांचा जन्म १८ मार्च १८९१ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील न्यू कँटन या लहानशा गावी झाला. इलिनॉय विद्यापीठातील शिक्षणानंतर १९१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट दिली. काही काळ अध्यापन करून १९१८ मध्ये ते वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत रुजू झाले. बेल टेलिफोनसाठी लागणारी उपकरणे ही कंपनी बनवीत असे. दूरध्वनी यंत्रणेचा बराचसा भाग जमिनीखाली गाडलेला असल्याने एखादा सदोष सुटा भाग पुढे फार महागात पडे. त्या काळी गुणवत्ता राखण्याचा मार्ग एकच होता: तयार माल तपासायचा आणि वाईट तो बाजूला काढायचा. माल वाईट का निघाला, याचे उत्तर त्यातून मिळत नसे.

१६ मे १९२४ रोजी शूहार्ट यांनी आपले वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना एका पानाचे टिपण सादर केले. पानाचा सुमारे एक तृतीयांश भाग एका साध्या आकृतीने व्यापला होता. सदोष मालाचे प्रमाण काळानुसार मांडणारी आणि त्याभोवती मर्यादारेषा आखणारी ती आकृती हा जगातला पहिला नियंत्रण आलेख ठरला.

त्यामागचा विचार असा होता. फरकाची कारणे दोन प्रकारची असतात. पहिली असंख्य, बारीकसारीक आणि प्रक्रियेतच मुरलेली; दुसरी वेगळी काढता येण्याजोगी, म्हणजे झिजलेले हत्यार, बदललेला कच्चा माल किंवा बिघडलेली जुळणी. पहिल्या प्रकारच्या फरकासाठी कामगाराला धारेवर धरणे अन्यायाचे, आणि त्यापायी यंत्र सारखे हलवत राहिले तर फरक उलट वाढतो. दुसऱ्या प्रकाराकडे काणाडोळा केला तर नुकसान होते. या दोन्ही चुकांची किंमत तोलून त्यांनी मर्यादारेषा सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या अंतरावर ठेवल्या. हा निर्णय त्यांनी निव्वळ गणितावर सोडला नाही. अनुभव आणि आर्थिक व्यवहार यांचाही त्यात वाटा होता.

पुढे हीच पद्धत त्यांनी लांबी, वजन, विद्युतरोध अशा मापांसाठी विकसित केली. मापांच्या लांबलचक यादीऐवजी त्यांनी छोटे उपगट घेतले. लागोपाठ तयार झालेले चार नग मोजायचे, त्यांची सरासरी आणि त्यांच्यातील विखुरणे काढायचे आणि हे दोन आकडे दोन आलेखांवर मांडायचे. विखुरण्याचे माप म्हणून शूहार्ट प्रमाण विचलन वापरीत. हाताने आकडेमोड करणे सोपे जावे म्हणून कारखान्यांत पुढे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापातला फरक, म्हणजे विस्तार, रूढ झाला.

ही पद्धत पारखण्यासाठी त्यांनी एका वाडग्यात आकडे लिहिलेल्या चकत्या ठेवल्या. एक चकती काढायची, आकडा नोंदवायचा, ती परत टाकून ढवळायची आणि पुन्हा काढायची. निरनिराळ्या तीन प्रकारच्या समूहांसाठी त्यांनी प्रत्येकी चार हजार वेळा असे केले आणि चार-चार आकड्यांचे हजार-हजार उपगट तयार केले.

उपगट कसा पाडायचा, यावर त्यांचा कटाक्ष होता. उपगटातील नग शक्य तितक्या सारख्या परिस्थितीत तयार झालेले हवेत. दोन यंत्रांचा माल एकाच उपगटात मिसळला तर यंत्रायंत्रांतला फरक उपगटाच्या पोटातच दडतो, मर्यादारेषा विनाकारण फाकतात आणि बिघाड असूनही आलेख गप्प राहतो. सरासरीसारखा सारांश मूळ आकड्यांतील पुरावा झाकणारा नसावा, वाचणाऱ्याची दिशाभूल करणारा नसावा, असा त्यांचा दंडक होता.

१९२५ मध्ये बेल प्रयोगशाळा स्थापन झाल्यावर शूहार्ट तेथे गेले आणि १९५६ मधील निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. १९३१ मध्ये त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३८ मध्ये वॉशिंग्टनला दिलेली त्यांची व्याख्याने डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी संपादित केली आणि ती पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी युद्धसामग्रीच्या उत्पादनासाठी नियंत्रण आलेखांची मानके तयार झाली. १९५० मध्ये डेमिंग यांनी हा विचार जपानच्या उद्योजकांपुढे मांडला. पुढे जपानी मालाच्या लौकिकात त्याचा मोठा वाटा राहिला.

भारताशीही त्यांचा थेट संबंध आला. देश नुकताच स्वतंत्र झाला असताना, १९४७-४८ मध्ये, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून ते येथे आले. त्यांच्या भेटीने येथील गुणवत्ता नियंत्रणाच्या चळवळीला चालना मिळाली. १९५३ मध्ये संस्थेने या प्रसारासाठी मुंबईत केंद्र सुरू केले.

११ मार्च १९६७ रोजी न्यू जर्सीत शूहार्ट यांचे निधन झाले. त्या काळी कागद-पेन्सिलीने होणारे काम आज संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर क्षणात करते. प्रत्येक उपगटाची सरासरी, विस्तार आणि प्रमाण विचलन वेगवेगळ्या रकान्यांत साठवून ठेवता येते, म्हणजे पुढच्या महिन्याचा आलेख त्यावरूनच काढता येतो. मात्र कोणते नग एका उपगटात घ्यायचे, ते कोणत्या यंत्रावर, कोणत्या पाळीत आणि कोणत्या क्रमाने निघाले, याची नोंद माणसालाच ठेवावी लागते. ती नोंद नसेल तर साठवलेल्या सरासरीवरून बिघाडाचे मूळ शोधता येत नाही, आणि दोष पुन्हा पाळीवरच्या कामगाराच्या माथी येतो.