घाटरस्ता बांधणारा छत्रपती

पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्ग सोडला आणि गाडी डावीकडे महाबळेश्वरच्या दिशेने वळली, की आंबेनळीचा घाट सुरू होतो. जेमतेम चाळीस किलोमीटरचा हा रस्ता. या अंतरात माणूस कोकणच्या घामट हवेतून साडेचार हजार फुटांवरच्या गारव्यात पोचतो. घाटाचे सरकारी दप्तरातले जुने नाव फिट्झगेराल्ड घाट. वरच्या बाजारपेठेचे नाव माल्कमपेठ. दोन्ही नावे मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरांची. साताऱ्यापासून महाबळेश्वरच्या माथ्यापर्यंतचा पहिला चांगला रस्ता ज्याने बांधला, त्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे नाव मात्र या वाटेवर शोधूनही सापडत नाही.

प्रतापसिंहांचा जन्म १८ जानेवारी १७९३ चा. वडील दुसरे शाहू महाराज हे नावाचेच छत्रपती होते. सत्ता पुण्यात पेशव्यांच्या हाती आणि राजघराणे साताऱ्यात नजरकैदेत. १८०८ साली वडील वारले आणि पंधरा वर्षांच्या मुलाकडे गादी आली. गादी आली म्हणजे कैद आली, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजांशी युद्ध सुरू झाल्यावर दुसऱ्या बाजीरावाने राजकुटुंबाला आधी जावळीच्या रानातल्या वासोट्यावर ठेवले, मग आपल्या छावणीबरोबर गावोगाव फिरवले. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनने त्यांना साताऱ्याचे लहानसे राज्य दिले. राज्यकारभार शिकवायला जेम्स ग्रँट डफ हा रेसिडेंट नेमला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच हा ग्रँट डफ. एप्रिल १८२२ मध्ये त्याने कारभार महाराजांच्या हवाली केला.

या राज्याची पश्चिमेची हद्द सह्याद्रीच्या कड्यावर संपत होती. खालचे महाड, पोलादपूर आणि शिवछत्रपतींची राजधानी रायगड कंपनी सरकारकडे गेली होती. प्रतापगडची भवानी आपल्या राज्यात आणि रायगडची समाधी परक्या राज्यात, अशी ही वाटणी होती. तिचे दुःख महाराजांना झाले नसेल असे म्हणवत नाही.

जन्मापासून कोंडलेला हा माणूस मोकळा झाल्यावर काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी सातारा शहरात वाडा बांधला, शाळा काढल्या, छापखाना आणला, स्वतःची रोजनिशी ठेवली. आणि रस्त्यांकडे लक्ष दिले. (पुढे साताऱ्याच्या ज्या शाळेला महाराजांचे नाव मिळाले, त्या शाळेत १९०० साली भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी दाखल झाला. महाडच्या वाचकांना त्याची ओळख करून द्यायला नको.)

महाबळेश्वरच्या रस्त्याची कथा १८२४ मध्ये सुरू होते. त्या वर्षी पीटर लॉडविक हा लष्करी अधिकारी रान तुडवत डोंगरमाथ्यावर चढला. तिथली हवा गोऱ्या माणसाला मानवेल, हे त्याच्या ध्यानात आले. त्यानंतरचे रेसिडेंट जॉन ब्रिग्ज यांनी महाराजांचे मन वळवले आणि साताऱ्याहून माथ्यापर्यंत चांगला रस्ता तयार झाला. १८२७ च्या अखेरीस सर जॉन माल्कम गव्हर्नर होऊन आला. आजारी शिपायांना विलायतेला धाडण्यापेक्षा इथेच बरे करावे, हा त्याचा हिशेब. पण मुंबईचा माणूस साताऱ्याला वळसा घालून कशाला येईल? त्याची सोयीची वाट समुद्राची: बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीने दासगाव, महाडपर्यंत आणि तिथून डोंगर. म्हणून ठरले असे, की माथ्यापर्यंतचा रस्ता महाराजांचा आणि माथ्यापासून खाली कोकणात उतरणारा कंपनी सरकारचा.

एका रस्त्याचे दोन मालक म्हटले की काय होते, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे असे नाही. इथे मात्र काम पार पडले. खालचा भाग कठीण होता. महाबळेश्वराहून पार गावाकडे उतरणाऱ्या घाटाला लोक रडतोंडी म्हणत. चढणाऱ्याचे तोंड रडवेले होई म्हणून. इंग्रजांनी त्याचे रोटुंडा करून टाकले! हीच वाट अफझलखानाच्या फौजेने १६५९ मध्ये उतरली होती, असे सांगतात. पारजवळ कोयनेवर शिवकालीन मानला जाणारा दगडी पूल आजही उभा आहे. तिथून पारघाट उतरला की पोलादपूर आणि पुढे महाड.

अशा डोंगरात रस्ता काढणे म्हणजे नुसती वाट रुंद करणे नव्हे. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणारा हा मुलूख. कड्याच्या बाजूने गटार हवे, प्रत्येक ओहोळाला मोरी हवी, दरीच्या बाजूला दगडी बांध हवा. यातले एक जरी चुकले तरी पहिल्या पावसात रस्ता दरीत जातो. कामाचे दिवसही मोजके, दसऱ्यापासून फार तर रोहिणीपर्यंत. शिवाय दरवर्षी डागडुजी आलीच.

मे १८२९ मध्ये करार होऊन महाबळेश्वरचा मुलूख कंपनीला मिळाला. बदल्यात महाराजांना वाईकडचे खंडाळा गाव देण्यात आले. हे लोणावळ्याजवळचे खंडाळा नव्हे, पुणे-सातारा रस्त्यावरचे. नव्या वसाहतीला माल्कमपेठ हे नाव खुद्द महाराजांनी दिले. १८३० च्या नोव्हेंबरात माल्कमने बोरघाटातला गाडीरस्ताही खुला केला. रस्ते बांधण्याचा तो हंगामच होता म्हणायचा.

पुढची दहा वर्षे वाईट गेली. जहागीरदारांवर हुकमत कोणाची, यावरून महाराज आणि मुंबई सरकार यांच्यात बिनसले. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी १८३५ मध्ये महाराजांच्या कारभाराची वाखाणणी करून रत्नजडित तलवार पाठवली. मुंबई सरकारने ती त्यांच्या हाती पडू दिली नाही. १८३६ मध्ये देशी पलटणीतल्या सुभेदारांना फितवल्याचा आरोप ठेवून चौकशी समिती नेमली गेली. तिचा एक सभासद होता तोच पीटर लॉडविक, आता साताऱ्याचा रेसिडेंट. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. गुन्हा कबूल करा, गादी राहील, असा त्याचा प्रस्ताव होता. महाराजांनी नकार दिला. सही केली असती तर उरलेले आयुष्य सुखात गेले असते. पण न केलेला गुन्हा लिहून देणे त्यांना जमले नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना वाड्यातून बाहेर काढले आणि काशीला पाठवले. धाकटे बंधू आप्पासाहेब गादीवर बसले.

महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षे तिथे झगडले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत त्यांच्या बाजूने जे गोरे उभे राहिले, त्यांत ब्रिग्ज होता आणि लॉडविकही होता. महाबळेश्वरची वाट ज्यांच्यामुळे सुरू झाली, ते हे दोघे. उपयोग काही झाला नाही. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराज काशीत वारले. पुढच्या एप्रिलात आप्पासाहेबही वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. साताऱ्यापासून महाडपर्यंतचा सारा रस्ता एकाच मालकाचा झाला.

गाड्या चालतील असा आंबेनळीचा नवा घाट १८७६ मध्ये खुला झाला आणि रडतोंडीची रहदारी ओसरली. नवा घाटही डोंगराचे नियम पाळतोच. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड, पोलादपुरात दरडी कोसळल्या, तेव्हा हा रस्ताही ठिकठिकाणी तुटून बंद पडला होता. महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या माणसांसह वाहून गेल्या. त्या जागी नवा पूल जून २०१७ मध्ये उभा राहिला. पारचा जुना पूल त्या पावसाळ्यातही जागेवर होता. रडतोंडीची वाट आता डोंगर भटकणारी तरुण मंडळी तुडवतात.