पडद्यामागील सेवेकरी : विष्णुपंत दामले

संत तुकाराम म्हटले की जुन्या पिढीतील अनेकांच्या डोळ्यांपुढे विष्णुपंत पागनीसांची मूर्ती उभी राही. ती मूर्ती पडद्यावर ज्यांनी आणली, त्यांची ओळख मात्र थोड्यांनाच असे. म्हणून दिग्दर्शक विष्णुपंत गोविंद दामले यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

दामल्यांचा जन्म १८९२ साली पेण येथे झाला. तरुणपणी ते कोल्हापुरास बाबुराव पेंटर यांच्या हाताखाली शिकले. बाबुरावांनी स्वतः कॅमेरा घडविला, तेव्हा त्या खटपटीत दामल्यांचे साह्य होते. तेथेच शेख फत्तेलाल हे कसबी चित्रकार त्यांना गुरुबंधू लाभले. १९२९ साली या दोघांनी शांताराम, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी काढली.

१९३१ साली चित्रपट बोलू लागला आणि मूकपटावर पोसलेल्यांपुढे पेच पडला. दामले डगमगले नाहीत. ध्वनियंत्राची विद्या त्यांनी आत्मसात केली. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाचे ध्वनिलेखन त्यांचेच.

१९३३ साली प्रभात पुण्यास आली. तेथे १९३६ साली दामले व फत्तेलाल यांनी मिळून ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. चमत्कार दाखविणे यंत्राने साधते. पण संताचा संसार दाखविणे कठीण. या दोघांनी वैकुंठीच्या विमानाइतकीच जिजाईच्या चुलीची काळजी वाहिली. गौरी यांनी रंगविलेली जिजाई रागावते, पोरांच्या पोटासाठी कळवळते. म्हणूनच तुकोबांचे वैराग्य आपल्या घरातले वाटते. शांताराम आठवले यांनी लिहिलेले त्यातील एक पद तर कित्येकांनी तुकोबांचेच मानले. मुंबईत हा चित्रपट एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

पुढे ‘गोपालकृष्ण’ (१९३८) व ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हे चित्रपटही या जोडीने दिले. ‘संत सखू’ (१९४१) करताना राजा नेने त्यांच्या जोडीस होते. १९४५ साली दामले पुण्यात निवर्तले. प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली चित्रपटविद्येची सरकारी संस्था सुरू झाली.

एक ब्राह्मण आणि एक मुसलमान यांनी मिळून वारकऱ्यांचा तुकोबा घडविला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. त्या चित्रपटात दामल्यांचे किती व फत्तेलालांचे किती, हा हिशेब त्यांनी मांडला नाही. दोघांची नावे जोडीनेच लागली. देवळात समईची वात सारणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही, पण दर्शन त्याच उजेडात घडते. दामल्यांची सेवा आम्हांस तशीच वाटते.